शेऱ्याचा रकाना

खांबावरून खाली उतरलो तेव्हा हेल्मेटवर कावळ्यांच्या चोचींचे आठ-दहा टोचे पडले होते आणि मानेवरून रक्ताची बारीक रेघ शर्टात गेली होती. हातात त्यांचं घरटं. काड्या कमी आणि तारच जास्त. बाइंडिंगची तार, हँगरचा तुकडा, कुणाच्या तरी सायकलीचा स्पोक. ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर असलं घरटं राहिलं की वळवाच्या पहिल्या सरीला शॉर्ट होऊन निम्मं गाव बंद पडायचं, म्हणून दर मे महिन्यात आम्ही वायरमन लोक ती काढायचो. आत अंडी नव्हती, त्यातल्या त्यात एवढं बरं होतं.

तो खांब नदीच्या घाटाच्या अगदी वर होता. तिथून सबस्टेशन पाच मिनिटांवर. मी पोचलो तर दारात बोंद्रेअण्णा उभे.

"किती जण होते?" त्यांनी विचारलं.

"चार. नंतर सगळी भावकी आली."

"एक गंमत सांगू का?"

हे वाक्य ऐकलं की आमच्या सबस्टेशनातली माणसं कामाला लागायची. कुणाला एकदम पक्कड सापडायची नाही, कुणाला लघवीला जायचं असायचं. अण्णा ऑपरेटर होते. दर तासाला मीटर बघायचे, आकडे लॉगशीटवर भरायचे आणि मधला वेळ रिकामा. त्या रिकाम्या वेळात ते भेळेचे कागद, रद्दीतली वर्तमानपत्रं, दाढीच्या दुकानातली मासिकं वाचून जगातल्या नाही नाही त्या गोष्टी गोळा करायचे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. जिराफाच्या मानेत आपल्याइतकेच सात मणके असतात. फुलपाखराला चव पायानं कळते. ही शेवटची गोष्ट त्यांनी साहेबांना जेवताना सांगितली होती, आणि साहेब पुढचे दोन दिवस डबा स्वतःच्या केबिनमध्ये खात होते.

गमतींची एक वही होती. लॉगशीटसारखेच रकाने आखलेली. तारीख, गंमत, कुणाला सांगितली, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काय असायचं, तर 'हसला', 'पटली नाही', 'चहा पाजला', 'ऐकून न ऐकल्यासारखं केलं'. साहेबांच्या नावापुढे 'डबा हलवला' असं होतं, ते मी स्वतः पाहिलंय. शेरा मात्र ते त्याच दिवशी भरत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले की पहिलं काम तेच. मी एकदा कारण विचारलं.

"समोर कुणीबी हसतंय सुबराव," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ते ध्यानात ऱ्हायलंय का, ते बघायचं असतं."

आणि नोंद खोटी करायची नाही, हा त्यांचा कायदा. बाकीचे ऑपरेटर आठ तासांचे आकडे शेवटी एकदम बसून अंदाजानं भरायचे. अण्णांनी तसं कधी केलं नाही. एकदा ताप अंगात असताना दर तासाला उठून मीटरपाशी गेलेले मी बघितलेत. मला ते तेव्हा खुळेपण वाटायचं.

तर त्या गुरुवारी मी पळ काढायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. "कावळा माणसाचा तोंडवळा इसरत न्हाई. परदेशात शास्त्रज्ञांनी मुखवटे घालून बघितलंय. ज्या मुखवट्यानं कावळं धरली, तो मुखवटा दिसला की वर्षांनंतरबी कावळं अंगावर यायची. दुसरा मुखवटा घातला की गप. आता तू त्या घाटावर जपून जा. तुला वळखतील."

"कावळ्याला काय करायचंय माझ्या तोंडाशी? माझ्या बायकोला तर ते आवडत नाही."

सगळे हसले. अण्णाही हसले. "बघ बाबा," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी मी मोटरसायकलवरून घाटाच्या रस्त्यानं गेलो तर दोन कावळे खांबावरून उठून डोक्यावर आले. शनिवारी सकाळी परत तोच प्रकार. दुपारी चहाच्या वेळी कुणीतरी हे काढलं आणि मग माझी टर उडवायला सुरुवात झाली. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो. दुसऱ्याची टर उडवायला मला आवडायचं, माझी उडवलेली खपायची नाही.

"आत्ता चढतो त्याच खांबावर," मी म्हणालो. "कावळा आला तर अण्णा म्हणतील ते खरं. नाही आला तर ही गंमत अण्णांनी वहीतून खोडायची."

"खोडीन," अण्णा म्हणाले.

पाच-सहाजण घाटावर आले. मी तोंडाला टॉवेल गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले, लाईन बंद करून घेतली आणि चढलो. वर पाच मिनिटं बसलो. कावळे समोरच्या चिंचेवर होते. एकानं मान वाकडी करून बघितलं आणि पंख साफ करायला लागला.

"टॉवेल काढ की," अण्णा खालून ओरडले.

"ऊन लागतंय अण्णा!"

खाली जो हशा झाला तो नदीपलीकडे गेला असेल. मी उतरलो. कुणीतरी "अण्णा, खोडा, खोडा" म्हणून ताल धरला. अण्णांनी पिशवीतून वही काढली, उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं, वही मिटली. परत सबस्टेशनात आल्यावर चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. चारला ड्युटी संपली, सायकल काढली आणि गेले. जाताना नेहमीसारखं "येतो रे" म्हणाले नाहीत. मला वाईट वाटलं, पण जिंकल्याचा आनंदही होता. खरं सांगायचं तर आनंद जास्त होता.

रविवारी सकाळी ड्युटीवर यायला म्हणून त्यांनी अंगणातून सायकल बाहेर काढली, दारातल्या पायरीवर बसले आणि गेले. शेजारचे धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवी हँडलला तशीच अडकलेली होती.

दहाव्याला आम्ही सगळे घाटावर. आमच्याकडे दहाव्याला बायकाही येतात. हौसाकाकू, म्हणजे अण्णांची बायको, पायरीवर बसल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, म्हणून विधी पुतण्यानं केला. अण्णांचे थोरले भाऊ, बापू, घरचे कारभारी. मी नऊ दिवस लाकडं आणण्यापासून मंडप घालण्यापर्यंत सगळ्या कामात होतो, म्हणून पुढेच उभा होतो, पिंडापासून चार हातांवर.

पिंड ठेवला. शेजारी अण्णांच्या आवडीचं मांडलं. भजी, गूळ, द्रोणात चहा. सगळे मागे सरकलो आणि वर बघायला लागलो.

चिंचेवर कावळे भरपूर होते. नुसता कालवा. एक खाली यायचा, पिंडाजवळ पोचतापोचता वळायचा आणि ओरडत परत फांदीवर. दुसरा यायचा, तोच प्रकार. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. जूनचं ऊन, पायऱ्या तापलेल्या.

"मनात काय तरी राहिलंय त्यांच्या," भटजी म्हणाले. "ज्याला जे सांगायचं असेल त्यानं सांगा."

बापू पुढे झाले, हात जोडले. "शंकर, तुझ्या बायकोला मी अंतर देनार न्हाई. आमच्यातलीच हाय ती. शिव बाबा."

कावळे ओरडत राहिले. साहेबांनी पेन्शनचे कागद महिन्याच्या आत हलवतो, असा शब्द दिला. तो कावळ्यांनी फारसा मनावर घेतला नाही. पुतण्यानं सांगितलं, सायकल विकणार नाही. कुणीतरी म्हणालं, चहात साखर कमी पडली असेल, तर त्यावर एकजण खरंच साखर आणायला गेला.

सव्वा तास झाल्यावर भटजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात आहे तसं. दोष नाही."

"न्हाई," हौसाकाकू म्हणाल्या. इतका वेळ त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "गवताचा नगं. ते खऱ्यानंच शिवलं पायजे. मला ठावं हाय काय राहिलंय ते."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"त्या सांजच्याला ते आले, ते गप गप. मी भाकरी करत होते. मग म्हणाले, एक गंमत सांगू का. शुक्रावर म्हणं एक दिवस तिथल्याच सालापेक्षा मोठा आसतोय, तिथलं साल संपतं पण दिवस संपत न्हाई. मला आधीच उशीर झाला होता, धूर डोळ्यात जात होता. मी म्हणाले," इथे त्या थांबल्या, "मी म्हणाले, मग तिकडंच जाऊन बसा की, माझं तरी डोकं शांत हुईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. बायकांनी त्यांना धरलं. बापूंचा चेहरा तांबडा झाला.

"आसं बोललीस?" ते म्हणाले. "सांजच्या वक्ताला, नवऱ्याला, तिकडं जा म्हणालीस? मग कसा शिवंल कावळा? जल्मात न्हाई शिवायचा."

काकू मान खाली घालून बसल्या होत्या. तो मनुष्य गप्प गप्प घरी का आला, हे त्या सगळ्या माणसांत मला चांगलं माहीत होतं. आणि माझ्यासारखेच आणखी पाचजण तिथे उभे होते, तेही पायरीकडे बघत होते. एवढं खोटं मी आयुष्यात पहिल्यांदाच पचवायला निघालो होतो आणि त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत होतं.

"बापू, त्यांना बोलू नका," मी म्हणालो. "माझं आहे ते."

मी पुढे झालो. पिंडासमोर हात जोडले. माझा या सगळ्यावर विश्वास होता, असं म्हणवत नाही. नव्हता, असंही त्या क्षणी म्हणता आलं नसतं.

"अण्णा, तुमची कावळ्याची गंमत खरी होती. टॉवेल मी उन्हासाठी बांधला नव्हता. त्याच दिवशी सकाळी घाटावरून जाताना दोनदा बघितलं होतं मी. तोंड उघडं असलं की येत होते, टॉवेल बांधला की येत नव्हते. मला माहीत होतं. माहीत असून सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. चुकलो. काकूंचा काही दोष नाही."

घाटावर शांतता. कावळे सोडून. ते उलट जास्तच पेटले. एक तर इतका खाली आला की पंखांचा वारा माझ्या कानाला लागला आणि मी डोकं खाली घातलं. पण पिंडाकडे त्यानं बघितलंही नाही.

मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. एवढ्या माणसांत आपली लाज काढून ठेवावी आणि पाखरानं त्याची दखलसुद्धा घेऊ नये.

"आनखी काय राहिलंय का सांगायचं?" बापूंनी मला विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिथे उभं राहवेना. कुणाकडे न बघता पायऱ्या चढलो, चपलासुद्धा घातल्या नाहीत, आणि वरच्या देवळाच्या भिंतीमागे जाऊन बसलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. विडी पेटवावी म्हणून खिसा चाचपला आणि खालून एकदम गलका उठला.

"शिवला! शिवला!"

एकच नाही, मागून सांगणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे सात-आठ कावळे एकदम उतरले. पिंड, भजी, गूळ, सगळ्यावर तुटून पडले. चहाचा द्रोण लवंडला. खालून बापूंचा आवाज आला, "पोरानं कबूल केलं म्हणून, बघा! तेवढंच आडकलं होतं शंकरचं." बायका रडत होत्या, पण ते रडणं आता वेगळं होतं.

मी उठलो. हायसं वाटलं, अंगातून ताप उतरावा तसं. चपला घ्यायच्या होत्या म्हणून पायऱ्या उतरायला लागलो. चौथ्या पायरीवर असेन. कावळ्यांनी माना वर केल्या. पुढच्याच क्षणी सगळा थवा भज्यांवरून उठला आणि ओरडत सरळ माझ्या डोक्यावर आला.

मी तिथेच थांबलो. तसाच उलटा वर चढलो, देवळाच्या भिंतीच्या आड झालो. कालवा थांबला. पुन्हा डोकं बाहेर काढलं. पुन्हा उठले.

"आता कशाला वरडत्यात?" खाली कुणीतरी विचारलं.

सव्वा तास मी पिंडापासून चार हातांवर, तोंड उघडं टाकून उभा होतो. अण्णांचं काहीच राहिलं नव्हतं. त्यांच्या घासाच्या आड मी उभा होतो, एवढंच. त्या दिवशी अनवाणीच घरी गेलो. चपला संध्याकाळी पुतण्यानं आणून दिल्या.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी काकूंनी निरोप पाठवला. गेलो तर त्या एकट्याच होत्या. कोनाड्यातून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं.

"पुतण्याला दावली न्हाई मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कावळा शिवला, ते तुझ्यामुळं. लोक म्हणत्यात, त्यांच्या मनात तेवढंच होतं. पर सुबराव, माझ्या बोलण्याचं काय? ते मनात घिऊन गेले का, ते मला कोण सांगनार? रोज रातचं जेवल्यावर या वहीत लिहायचे. त्या रातीबी लिहीत होते, मी बघितलंय. शेवटचं पान वाच. काय आसंल ते सांग. खोटं सांगू नगंस."

मी शेवटचं पान उघडलं. दोनच ओळी होत्या. पहिली गुरुवारची. कावळा माणसाचा तोंडवळा विसरत नाही. कुणाला: सुबराव व मंडळी. ती खोडलेली नव्हती. पुढे शेऱ्यात आधी 'पटली नाही' आणि त्याखाली शनिवारची तारीख टाकून लिहिलं होतं, 'टॉवेल. प्रयोग बाद. थंडीत पुन्हा घेणे.'

मी ते दोनदा वाचलं. अण्णा माझ्यावर रागावले नव्हते. त्यांनी फक्त हिवाळ्यापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, ऊन नसेल आणि मला टॉवेलचं निमित्त उरणार नाही तोपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळी ते गप्प होते ते हाच विचार करत. माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

मी त्यांना वाचून दाखवलं. "आणि खालचं?" त्या म्हणाल्या.

खालची ओळ शनिवार संध्याकाळची. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. कुणाला: घरी.

शेऱ्याचा रकाना कोरा होता. तो सकाळी भरायचा होता.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं सांगू नगंस, असं त्यांनी आधीच बजावलं होतं, आणि ज्यांच्या वहीत मी बघत होतो त्यांनी उभ्या जन्मात एक आकडा अंदाजानं भरला नव्हता.

"'हसली' असं लिहिलंय," मी म्हणालो.



"मी हसले न्हवते रं."

मी वहीवरून मान वर केली नाही.

"पर मी पाठमोरी होते," त्या सावकाश म्हणाल्या. "चुलीकडं तोंड होतं माझं. त्यास्नी काय दिसनार? डोळं पुसत होते मी धुरानं, पदर तोंडाला लावला होता. त्यास्नी वाटलं आसंल हसतीया." मग पुन्हा थोडं थांबून, "आणि मला तसलं कायबी सांगायचे हो ते. म्हणं साल संपतं आणि दिवस संपत न्हाई. म्हणजे त्या शुक्रावरल्या बाईनं एका दिसात सालाच्या भाकरी थापायच्या? कधी व्हायच्या तिच्या?"

आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. हसता हसता रडल्या आणि रडता रडता पुन्हा म्हणाल्या, "कधी व्हायच्या गं बाई तिच्या." मग चहा ठेवते म्हणून आत गेल्या.

मी खिशातून पेन काढलं. आधी वरच्या ओळीत, शेऱ्याखाली जागा होती तिथे लिहिलं, 'घाटावर पुन्हा घेतला. तोंड उघडे. गंमत खरी.' मग खालच्या कोऱ्या रकान्यात, आतून भांड्यांचा आवाज येत असताना, एकच शब्द लिहिला.

बारा-तेरा वर्षं झाली. वही अजून काकूंच्या कोनाड्यात आहे. मी गेलो की त्या ती कधीमधी काढतात, शेवटचं पान माझ्यापुढे धरतात, आणि मी तो शब्द वाचून दाखवतो. अक्षर माझं आहे आणि नोंद सतरा दिवस उशिरा भरलेली आहे, पण खोटी नाही.